दुसरं स्मरणपत्र

कौशल्याबाई तायडे धायरीहून दोन बस बदलून कोथरूडला गेल्या होत्या, त्या सहा हजार रुपये काढायला. भाचीच्या लग्नात द्यायचे होते. खात्यात सात हजार आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बँकेबाहेरचं एटीएम मात्र म्हणालं की तेवढी रक्कम नाही. त्यांनी शिल्लक पाहिली. दोन हजार सातशे शहाऐंशी रुपये पन्नास पैसे.

आत जाऊन त्यांनी उतारा मागितला. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून दर तिमाहीला आठशे बेचाळीस रुपये सत्तर पैसे कापले गेले होते. असं पाच वेळा. काउंटरवरचा शुभंकर नावाचा तरुण अधिकारी म्हणाला, "किमान शिल्लक दहा हजार हवी, आजी. ती नसली की सिस्टीम आपोआप कापते. आमच्या हातात काही नसतं."

"उताऱ्यावर माझं नाव लिहिलंय," कौशल्याबाई म्हणाल्या. "आजी नातवंडांसाठी."

खातं उघडलं ते दोन हजार नऊच्या डिसेंबरात, त्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्या तेव्हा. मुलगा अभय आयटीत होता, त्याचा पगार याच शाखेत यायचा, आणि पगारदाराच्या आईला शिल्लक ठेवायची गरज नाही असं सांगून बँकेनेच ते उघडून घेतलं होतं. नंतर अभयने नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला, आणि इकडे आईच्या खात्याची सवलत गुपचूप काढून घेतली गेली. पत्र नाही, फोन नाही. घरचा पत्ता बँकेकडे होता, मोबाइल नंबर होता. तरी कोणी कळवलं नाही.

संध्याकाळी त्यांनी हे अभयला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, की सगळ्याच बँका हे करतात, चार हजारांसाठी डोकं कशाला शिणवायचं, मी देतो तुला तेवढे. रागात किंवा खुशीत असल्या की कौशल्याबाईंच्या तोंडी अकोल्याची बोली यायची.

"तू काऊन देशील?" त्या म्हणाल्या. "तू घेतले का?"

सून अपेक्षा स्वयंपाकघरात हसली. अभयने मग विषय सोडला.

कौशल्याबाईंनी सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं, आवक-जावक. आलेलं पत्र नोंदवायचं, त्याला क्रमांक द्यायचा, ते कुठे गेलं हे लिहायचं; गेलेल्या पत्राचं तसंच. पाटबंधारे खात्यात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं की पत्र कसं थांबतं. ते हरवत कधीच नाही. कोणाच्या तरी टेबलावर उपडं पडलेलं असतं, आणि वरून उत्तर जातं, 'आपला विषय विचाराधीन आहे.' साहेबांच्या सांगण्यावरून असली उत्तरं त्यांनीही शेकड्यांनी पाठवली होती. आणि त्याच्याही आधी, नवरा नोकरीत असताना वारला तेव्हा, त्याच्या जागेवर नोकरी मिळावी म्हणून केलेला त्यांचा स्वतःचा अर्ज अकोल्याच्या कचेरीत तीन वर्षं विचाराधीन राहिला होता. पहिली दोन पत्रं दिराने लिहून दिली. तिसरं त्यांनी स्वतः लिहिलं, आणि तेव्हा त्यांना कळलं की अर्जात रडून काही होत नाही. तारीख घालावी लागते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पानी अर्ज लिहिला. खातं कोणत्या बोलीवर उघडलं, ती बोली कधी मोडली, मोडताना मला कळवलं का, कळवलं असल्यास त्याची प्रत द्यावी, नसल्यास चार हजार दोनशे तेरा रुपये पन्नास पैसे परत करावेत. बस्स. एकही विशेषण नाही. दोन प्रती घेऊन त्या शाखेत गेल्या आणि एका प्रतीवर पोच मागितली.

शुभंकरने सांगितलं की हल्ली पोच देत नाहीत, ईमेल करा किंवा कस्टमर केअरला फोन करा. कौशल्याबाई म्हणाल्या, शिक्का असेल तर मारा, नसेल तर शिक्का नाही असं लिहून द्या, मी बसते. आणि त्या समोरच्या बाकावर बसल्या. शेजारी शनिवार पेठेतले एक गृहस्थ टोकन घेऊन बसले होते. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बसा, बसा. बसायचा चार्ज अजून लावलेला नाही."

पाऊण तासाने शिक्का मिळाला. घरी आल्यावर त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले, तारीख, कोणाला, कशाने, उत्तर. पहिली ओळ लिहिताना त्यांना इतकं बरं वाटलं, की चहा गार झाल्याचं लक्षातच आलं नाही.

दहाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. अपेक्षाने वाचून दाखवला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार. खात्यात मात्र एक पैसाही आला नव्हता. कस्टमर केअरवाली मुलगी म्हणाली की शाखेने तक्रार बंद केली आहे. शाखा म्हणाली की मुंबईने केली आहे. कौशल्याबाईंनी दोन्हीकडच्या माणसांची नावं आणि वेळा डायरीत घातल्या, आणि पंधराव्या दिवशी पहिलं स्मरणपत्र नेऊन दिलं.

तोवर शुभंकरची बदली झाली होती. त्याच्या जागी शर्मिला मॅडम आल्या होत्या, चाळिशीच्या, दमलेल्या. त्यांनी आधीची कागदपत्रं सापडत नाहीत, नव्याने अर्ज करा असं सुचवलं. कौशल्याबाईंनी शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स पुढे ठेवली. नवा अर्ज केला असता तर दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले असते. हा डाव त्यांनी स्वतःच्या कचेरीत इतक्या वेळा पाहिला होता, की त्या रागावल्याही नाहीत.

"जुनाच चालू ठेवू," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमचंच काम वाढेल."

दुसरं स्मरणपत्र त्यांनी बँकेच्या मुंबईतल्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यात आधीच्या दोन्ही पत्रांच्या तारखा होत्या, बंद करून टाकलेल्या तक्रारीचा क्रमांक होता, आणि शेवटी एकच वाक्य, उत्तरासाठी नियमाने बँकेला मिळणारे तीस दिवस आठ ऑगस्टला पूर्ण होतात, त्यानंतर मी बँकिंग लोकपालाकडे जाईन. लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. त्याच्याकडे जायला फी नाही, वकील नाही. हे अपेक्षाने इंटरनेटवर शोधून दिलं होतं, आणि अर्जाचा नमुनाही छापून आणला होता. सासू-सुनेचं एरवी भाजीतल्या तिखटावरून वाजायचं. त्या आठवड्यात दोघी रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायच्या, आणि भाजी कशी झाली हे कोणी बोललंच नाही.

सहा ऑगस्टला शर्मिला मॅडमचा फोन आला. बँक खास बाब म्हणून अर्धी रक्कम परत करायला तयार आहे, फक्त तक्रार मागे घेत असल्याचं लिहून द्यायचं.

कौशल्याबाईंनी मनात हिशेब केला. दोन हजार शंभर रुपये हातात येत होते, गुडघे दुखत होते, आणि कोथरूडच्या फेऱ्यांचा कंटाळाही आला होता.

"मॅडम, कापायचा हक्क तुम्हाला होता का?" त्यांनी विचारलं.

"मी त्यावर काही बोलू शकत नाही."

"हक्क असेल तर एक पैसा देऊ नका. नसेल तर सगळे द्या. अर्धा हक्क मी कधी ऐकला नाही."

शर्मिला मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, की मग तुम्ही पुढे जा, काकू. त्या आवाजात धमकी नव्हती, उलट सल्लाच होता, असं कौशल्याबाईंना वाटलं.

नऊ ऑगस्टला लोकपालाकडचा अर्ज पोस्टात पडला. मग महिनाभर काहीच झालं नाही. कौशल्याबाईंना त्याची सवय होती. त्या सकाळी फिरायला जात, रविवारी विहारात वंदनेला जात, आणि पोस्टमन दिसला की जिन्यात थांबत. पोस्टमन वैजनाथला आता सगळं प्रकरण तोंडपाठ झालं होतं. मुंबईचं पाकीट आलं त्या दिवशी त्याने खालूनच हाक मारली.

बँकेने लिहिलं होतं की झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, रक्कम जमा केली आहे. चूक हा शब्द कुठेही नव्हता. तपासलं तर चार तिमाह्यांचेच आले होते, तीन हजार तीनशे सत्तर रुपये ऐंशी पैसे. पाचवी राहिली होती. अभय म्हणाला, झालं की आई, जिंकलीस. कौशल्याबाईंनी कागद ओढला. त्या एका तिमाहीसाठी आणखी एक पत्र गेलं, आणि ऑक्टोबरात दसऱ्याच्या तोंडावर आठशे बेचाळीस रुपये सत्तर पैसे निमूटपणे खात्यात आले.

खातं त्यांनी बंद केलं नाही. शर्मिला मॅडमने सवलत पुन्हा लावून दिली होती, तीही लेखी. भाचीचं लग्न केव्हाच होऊन गेलं होतं खरं, पण साडी घेऊन त्या अकोल्याला जाऊन आल्या, चार दिवस राहिल्या, आणि बहिणीला हे सगळं दोनदा सांगितलं.

परत आल्या त्या रात्री जेवताना अभय जरा घुटमळला. मग म्हणाला, की जुन्या कंपनीने त्याच्या शिल्लक रजेचे पैसे दीड वर्षापासून अडवलेत. एचआरला दोन मेल केले होते, उत्तर आलं नाही, मग त्याने नाद सोडला. अपेक्षाला हे ठाऊकच नव्हतं. ती ताटावरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, तू एक छान पत्र लिहून देशील का?"

"तू लिही," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी तपासते."

त्याने जेवण झाल्यावर लिहून आणलं, इंग्रजीत. कौशल्याबाईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, त्यातले दोन 'काइंडली' खोडले, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला लावली.