हरिलालकाकांचा वरचा सा

"काका, एकदाच. फक्त वरचा सा लावा."

"नको रं देवराज," हरिलालकाका देवळाच्या ओट्यावर बसल्या बसल्याच म्हणाले. "फाटका गळा साऱ्या बों अक्योय गावाला कशाला ऐकवायचा?"

देवराजने मान खाली घातली. ते 'फाटका' त्याच्यामुळेच आलं होतं.

बेटावरच्या या गावात तीस वर्षं गणेशचतुर्थीचं कीर्तन काकांचंच. साखर कारखान्यातून आले की आंघोळ, फेटा, हातात चिपळ्या, आणि मग त्या माणसाच्या तोंडून देव बोले. पण यंदा, ऐंशी साली, रामनवमीपासून वरच्या सुरावर स्पीकरमधून खरखर येऊ लागली. दीड महिन्यापूर्वी देवळाच्या मंडळाने देवराजला बोलावलं. तो काकांचा पुतण्या, बो बासें शहरात राहणारा, सरकारी वर्कशॉपात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने वर्कशॉपातल्या रीतीप्रमाणे हजार सायकल्सचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, सूर स्पीकरवर सोडला. स्वच्छ वाजला. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं, 'स्पीकर ठीक.'

म्हणजे गळा बिघडला. मंडळाने ठरवलं, चतुर्थीला इंडियातून आलेली कीर्तनाची कॅसेट लावायची. काकांनी चिपळ्या फडक्यात बांधून ठेवल्या.

गेल्या रविवारी देवराजने काकांना गोठ्यामागे गवत कापता कापता गाताना ऐकलं. माइक नाही, माणूस नाही. वरचा सा असा लागला होता, की गाय रवंथ थांबवून बघत होती. म्हणून आज, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, वर्कशॉपच्या साहेबांच्या परवानगीने तो फंक्शन जनरेटर, हवा तो सूर काढणारं यंत्र, बसमध्ये मांडीवर घेऊन आला होता.

"आता काय आणलंस?" मंडळाचा सेक्रेटरी सत्यदेव म्हणाला. "तूच सही केलीस ना, सगळं कोरेक, ठीक हाय म्हणून?"

"केली. ती चूक होती का, तेच बघायचंय."

भगवतीकाकी पदराला हात पुसत आल्या. "आयो! ह्यो डबा गातो?"

"गातो काकी. शब्द नाहीत पण."

"मग तुज्या काकापरीस बरा. ह्यांचं शब्दच सरत नाय."

काका ओठांतल्या ओठांत हसले.

देवराजने वायर जोडली. "ह्याच्या पोटात वीज एकसारखी भरते, खुणेला पोचली की तशीच उतरते. श्वासासारखं. त्याची त्रिकोणी लाट होते. तिचे कोपरे घासून गोल केले, की हा गोड सूर." स्पीकरमधून हजाराचा सूर निघाला, लख्ख.

"तेच तर!" सत्यदेव म्हणाला. "स्पीकर चांगलाच हाय."

"हजारावर चांगला आहे. काका हजारावर कुठे गातात?"

त्याने सूर पार खाली आणला. मग त्या सुराला दुसऱ्या एका मंद लाटेच्या हाती दिलं. ती चढेल तसा सूर चढायचा, उतरेल तसा उतरायचा. आता कुणी बटण फिरवत नव्हतं. सूर आपोआप वर निघाला, शंभर, दोनशे... दोनशे सत्तरच्या पुढे खर्रर्र झालं, वाळका उसाचा पाला चाकात अडकावा तसं. तीनशेला पुन्हा स्वच्छ. उतरताना त्याच जागी खर्रर्र. पुन्हा वर. पुन्हा तेच.

काका ओट्यावरून उठले होते. "माजा सा," ते हळूच म्हणाले. "तितंच हाय माजा सा."

देवराजने स्पीकरची पेटी उघडली. आतल्या कागदी पडद्याची मधली टोपी एका बाजूने सुटली होती. तेवढ्याच सुरावर थरथरत होती. त्याने ती गोंदाने चिकटवली आणि काकांच्या पायांशी वाकला.

"काका, तुमचा गळा नव्हता. मी नीट तपासलं नाही."

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. "दीड महिना मीबी तेच मानलं, बाळ," ते म्हणाले. "मला तर ठावं असाया पायजे हुतं."

सत्यदेवने कॅसेट खिशात घातली. "उद्या सहा वाजता, काका," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. काकांचा फेटा, कपाळी बुक्का, समोर गणपती. देवराज ॲम्प्लिफायरशी बसला. पूर्वरंग सरला, कथा चढली, आणि वरचा सा आला. त्या क्षणी काकांनी तोंड माइकपासून बाजूला वळवलं. दीड महिन्यात भय अंगात मुरलं होतं. सूर नुसत्या गळ्याने, बारीक होऊन निघून गेला.

बायकांतून भगवतीकाकींचा आवाज आला, "माइकात गावा की! पोरानं चिकटवलंय ते कुणासाठी?"

देऊळ हसलं. काकाही हसले. चिपळ्या वाजवत एक पाऊल पुढे आले, डोळे मिटले आणि पुन्हा सा लावला.

देवराजचा हात आवाज उतरवायच्या बटणावर होता. सूर उभा राहिला, जरा म्हातारा, पण स्वच्छ. देवराजने बटणावरचा हात काढला आणि टाळी धरली.