बिनझडपेची पेटी

हंबीररावानं आधी भिंत फोडली आणि मग तिच्यात बसवायची वस्तू शोधायला निघाला. शहाणा माणूस याच्या उलटं करतो. पण पाच वर्षं पलटणीत काढून हवालदार होऊन आलेल्या माणसाला शहाणपण शिकवायचं कुणी? कराडपासून दोन कोसांवरच्या त्याच्या घरात, माजघराच्या भिंतीला त्यानं दिवाळीआधीच दोन हातांचं भगदाड पाडलं, वर धुराडंही बांधून घेतलं. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला तरी भगदाड आपलं आ वासून बसलेलं. शेजारचा नाथाजी येता-जाता विचारायचा, "हवालदार, तोफ कवा बसवताय?"

तोफ नव्हती, पेटी होती. लढाईत असताना इटलीतल्या डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरी त्यानं ती बघितली होती. भिंतीत लोखंडी पेटी, पेटीत जळणारा ओंडका, धूर सगळा धुराड्यातनं वर, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत पोरंसोरं नुसत्या सदऱ्यावर खेळतायत. तसली पेटी त्याला माघाच्या आत घरात हवी होती. कारण माघात त्याची बायको शालूबाई बाळंत व्हायची होती. तिला माहेर उरलं नव्हतं. आई-बाप प्लेगात गेलेले. तेव्हा पहिल्या खेपेसारखंच याही खेपेला बाळंतपण सासरीच, या माजघरातच होणार होतं.

ही पहिली खेप आठवली की रंगूबाईचा हातातला घास हातातच राहायचा. रंगूबाई म्हणजे हंबीररावाची आई. घरात तिचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. पण पोरगा लढाईवरनं आला, येऊन पायाला लागला आणि सुनेला दिवस गेल्याचं कळताच दोरी घेऊन माजघराची भिंत मोजायला लागला, तेव्हापासून म्हातारीच्या जिवाला थारा नव्हता. काम नसताना चार वेळा गोठ्यात जाऊन यायची. जात्याशी बसायची आणि दळायचं सोडून उठायची. संध्याकाळी गार वारा सुटला की ती त्या भगदाडात पोतं कोंबायची. हंबीरराव घरी आला की न बोलता पोतं उपसून बाजूला ठेवायचा. रोज हेच. तो रागानं बोलला असता तर तिला परवडलं असतं. त्याचं ते गुमान पोतं काढणं तिला कानफटात मारल्यासारखं लागायचं. याला सगळं ठाऊक आहे, ती मनाशी म्हणायची. आज ना उद्या तोंड उघडेलच.

पेटीपायी तो कराडच्या बाजारात हिंडला, दोनदा पाचगणी चढून आला. तिथं साहेब लोकांचे बंगले विकायला निघाले होते. पण एका पेटीला तडा गेलेला, दुसरी एवढी थोरली की तिच्यासाठी सगळं घर पाडावं लागलं असतं. मग सांगलीहून इलियासचं कार्ड आलं. इलियास त्याच्याबरोबर पलटणीच्या कारखान्यात लोहारकाम करायचा, आता सांगलीत स्वतःची भट्टी चालवायचा. एका बंगल्यातल्या दोन पेट्या हाती लागल्यात, येऊन पसंत करा, असं त्यानं लिहिलं होतं.

"आये, तू बी चल," हंबीरराव म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बाळंतिणीजवळ तूच बसणार. लाकडं तूच सारणार. तुला पटंल तीच घिऊ."

घरात नको म्हणून वाटेत बोलणार, असं रंगूबाईनं धरलं. पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार धापा टाकत सांगलीला निघाली. प्रत्येक चढाला ती थांबली की रंगूबाई त्याच्या तोंडाकडे बघायची. तो आपला बोटांनी गुडघ्यावर मापं घेत बसलेला.

इलियासनं मावशीला बसायला पाट दिला, चहा मागवला आणि दोन्ही पेट्यांवरची पोती ओढून काढली. एक होती उघड्या तोंडाची; पुढं नुसत्या सळ्या, वर धुरासाठी रुंद मोकळी वाट. दुसरी देखणी होती. तिला दार होतं, दारावर वेलबुट्टी आणि माथ्याला एक दांडा.

"हवालदार, हिची करामत बगा," इलियास म्हणाला. "ओंडका जळून निखाऱ्यावर राख धरली की ह्यो दांडा वडायचा. आत झडप हाय, ती धुराड्याचं तोंड बंद करती. ऊब जाग्यावर ऱ्हाती. एका ओंडक्यात रात निगती. त्या उगड्या तोंडाच्या पेटीला लाकूड लय लागतंय, भस्म्या झाल्यागत खाती."

हंबीररावानं दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. झडप आत खट्कन बसायची. पोराला नवा भोवरा मिळावा तसा त्याचा चेहरा झाला. "हीच!" तो म्हणाला. "काय आये?"

"ही नगं."

"का गं?"

"नगं म्हन्ते न्हवं."

"आगं, पर कारण काय? दार हाय, ठिणगी उडायची न्हाई. लाकूड वाचतंय."

"ती झडप नगं. बाया लावून टाकत्याल."

इलियास हसला. "मावशी, निखारं लाल हायत तवर लावायची न्हाई, येवडंच. सांगून ठिवायचं बायास्नी."

"सांगून ऐकत्यात व्हय?" रंगूबाईचा आवाज एकदम चढला. "बाळंतिणीला वारा लागंल म्हनून भोक दिसंल तितं बोळा कोंबत्यात. मला सांगितलं न्हवतं व्हय शालूनं? आत्याबाई, डोस्कं फुटाय लागलंय, येवडा झरोका उगडा, म्हनली. दोनदा म्हनली. म्या ऐकलं? माज्या सासूनं मला कोंडून शेकलं, म्या तिला कोंडून शेकलं. बाजंखाली निखाऱ्यांची शेगडी, दाराला वाकळ, झरोक्यात चिंध्या. सकाळी दार उगडलं तर आत निखाऱ्याचा धूर कोंडल्याला, ती वकत पडल्याली, आन् ल्येकरू..."

भट्टीचा भाता ओढणारा गडीही थांबला होता.

"घाल मला काय शिव्या घालायच्या त्या," ती म्हणाली. "आठ म्हैनं झालं वाट बगतीया. रोज ते पोतं काडतोस आन् बोलत न्हाईस. बोल की रं आता!"

हंबीररावाच्या हातात दांडा तसाच होता. "मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"पोर थंडी बाधून ग्येलं, आसं पत्र आलं व्हतं. म्हनून तर पेटी बगतुया. पोतं काडायचो ते धुराडं वलं हाय, वाळावं म्हनून."

"शालू बोलली न्हाई?"

"एक अक्षर न्हाई."

रंगूबाई पाटावर बसली. पाच वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिला उठता-बसता बोल लावले, ती पोर हे गिळून बसली होती. आणि आपण आपल्याच तोंडानं ते पोराच्या पदरात टाकलं. तिला आपल्या जिभेची शरम वाटली आणि त्याहून जास्त शरम वाटली ती इतके दिवस गप्प बसल्याची.

हंबीरराव बाहेर गेला. रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. चहा आला, निवला. इलियासनं जवळ येऊन म्हातारीला पाणी दिलं आणि भात्याकडे गेला. बऱ्याच वेळानं हंबीरराव आत आला. देखण्या पेटीवर त्यानं स्वतःच पोतं टाकलं.

"ती उगड्या तोंडाची बांद," तो इलियासला म्हणाला.

"लाकूड लय खाईल, हवालदार."

"खाऊ दे."

मोटारीच्या टपावर पेटी चढवली. मोटारीपर्यंत तो आईच्या चार पावलं पुढं चालत आला होता. एकदाही मागं वळून बघितलं नाही. आता हा घरी गेल्यावर वेगळी चूल मांडेल, नाहीतर उद्याच आपल्याला लांब दिलेल्या लेकीकडे धाडेल, असं रंगूबाईनं मनाशी पक्कं केलं. धाडलं तर जायचं, एक शब्द बोलायचा नाही, असंही ठरवलं. गाडीत तो शेजारी बसला, पण तोंड बाहेर करून. ऊस गेला, ओढे गेले, दोन गावं गेली.

मग बाहेरच बघत त्यानं विचारलं, "आये, कसं व्हतं गं दिसाया?"

रंगूबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की त्या लेकराबद्दल पाच वर्षांत घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बापाला नुसतं 'मुलगा होता' एवढंच ठाऊक होतं, तेही दुसऱ्यानं लिहिलेल्या पत्रातलं.

"कान तुज्यागत," ती म्हणाली. "मोटं. आन् मूठ आवळली की सोडायचं न्हाई. माज्या डोरल्याला धरलं तर दोघीस्नी मिळून सोडवावं लागलं."

"रडायचं?"

"भुकेलं की लय. येरवी न्हाई. दिवा हालला की तिकडं मान करायचं..."

बारसंसुद्धा न झालेलं आठ दिवसांचं लेकरू. त्याचं सांगण्यासारखं ते किती असणार? पण मोटार कराडला लागली, टपावरनं पेटी उतरली, बैलगाडी जुंपली, तरी रंगूबाई सांगत होती आणि हंबीरराव विचारत होता.