समुदाय हजर आहे

खुर्चीवाल्याला हे नाव वर्गाने ठेवलं, पण प्रेमाने नव्हे. मागच्या वर्षी, डिझाइनच्या शेवटच्या परीक्षेला, त्याने एक खुर्ची करून आणली होती. खुर्ची चांगली होती. बसलं की आपल्या पाठीला जगात कोणीतरी समजून घेतलंय असं वाटायचं. परीक्षक आळीपाळीने तिच्यावर बसले, हुश्श म्हणाले, आणि त्यांनी त्याला नापास केलं.

"वस्तू आहे," विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या. डॉक्टर 'गाठ आहे' म्हणतात त्या सुरात. "पण तुझी भूमिका काय?"

"खुर्च्या करणं," तो म्हणाला होता.

हे उत्तर विभागात नवीन मुलांना अजून सांगतात. इशारा म्हणून.

तर यंदा ही दुसरी खेप. या विभागात पदवी हवी असेल तर शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून आपली व्यावसायिक भूमिका मांडावी लागे. मी कोण, मी कोणाच्या बाजूने, आणि एकूण जगाबद्दल माझी तक्रार काय. काम दाखवलं नाही तरी चालायचं. दाखवलंच, तर लोक जरा संशयाने बघायचे. त्यात यंदा बाईंनी एक अट वाढवली. प्रत्येकाची भूमिका एका समुदायाच्या सोबतीने घडलेली हवी, आणि तो समुदाय सभागृहात सदेह हजर हवा. फोटो चालणार नाहीत. गेल्या वर्षी एकाने दाखवलेल्या वंचितांच्या फोटोत बाईंना स्वतःचे धाकटे दीर दिसले होते.

अट लागली आणि पोरं सेलमधल्या चादरींवर पडावं तशी समुदायांवर तुटून पडली. चांगले समुदाय आठवड्यात संपले. अंध गेले. परिचारिका गेल्या. रात्रपाळीचे पहारेकरी दोघींनी समजुतीने अर्धे अर्धे घेतले. कॉलेजसमोरच्या बाकावर बसणारे पेन्शनर तर निम्म्या वर्गाच्या भूमिकेत होते. कुठे 'एकाकी वृद्ध', कुठे 'शहराच्या स्मृतीचे वाहक', आणि एका मुलीच्या प्रकल्पात 'पक्ष्यांचे शेजारी'. शेवटी शेवटी ते वेळ घेतल्याशिवाय एकाकी व्हायला तयार नसत.

खुर्चीवाला नेहमीप्रमाणे उशिरा जागा झाला. तोवर शिल्लक काय उरलं होतं, तर मावशी.

तो मावशीकडेच राहायचा. चार वर्षं शिक्षणाची आणि पाचवं त्या खुर्चीचं. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. एक दिवस भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत वर येणारी मावशी त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा समुदाय होता! 'उभ्या अंतराने वंचित.' सदस्य तीन: मावशी, मावशीचे यजमान म्हणजे काका, आणि समोरच्या दारातल्या काकू.

"वंचित कोणाला म्हणतोस रे?" मावशी म्हणाली. "स्वतःचा फ्लॅट आहे माझा. समोरून उजेड येतो."

"नुसतं म्हणायला गं. उभ्या अंतराने."

"आणि आडव्या अंतराने?" काकांनी दिवाणावरून विचारलं.

"आडवं तुमचं बरं चाललंय, काका."

"मग माझी हरकत नाही," काका म्हणाले आणि कूस बदलली.

"मला तिथे करायचं काय पण?" मावशी.

"काही नाही. बसायचं. विचारलं तर सांगायचं, हा आमच्या सोबत होता."

"होतास की. जेवायला तर एकदाही चुकला नाहीस."

"आणि मावशी, फळीचं मात्र बोलू नकोस."

फळीचं सांगायलाच हवं. नापास झाल्यावर दोन महिने त्याने स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं नव्हतं. मग एका दुपारी, घरात कोणी नसताना, तो जिन्यात जाऊन बसला आणि मावशीचे गुडघे नेमके कुठे थकतात याचा विचार करू लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने भिंतीला एक घडीची फळी लावली. हाताने खाली घेतली की बसायला जागा, उठलं की आपली आपण भिंतीला जायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण नको. बाजूला पिशव्यांसाठी आकडा. फळी हळू मिटावी, खाडकन आपटू नये, यासाठी त्याने बिजागऱ्या इतक्यांदा काढल्या आणि लावल्या की भिंतीलाही ते पाठ झालं. वर्षभरात त्याला सुखाची झोप लागली ती त्या फळीचा विचार करतानाच. विभागात मात्र तो तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"का नाही बोलायचं?" मावशीने विचारलं.

"वस्तू आहे गं ती. परत नापास करतील."

"चोरी केल्यासारखं काय बोलतोस," मावशी म्हणाली, पण कबूल झाली.

परीक्षेच्या दिवशी समुदाय वेळेच्या आधी हजर होता. काकूंना तिथे प्रमाणपत्र मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं.

खुर्चीवाल्याच्या आधी 'गहन' होता. हा मुलगा बोलता बोलता डोळे मिटायचा, म्हणून हे नाव. "मी डिझाइन करत नाही," गहनने डोळे मिटून सांगितलं. "मी डिझाइनच्या आधी थांबतो." त्याचा समुदाय म्हणजे 'प्रतीक्षारत नागरिक'. ते त्याने सकाळी बसस्टॉपवरून आणले होते, आणि त्यांच्यातला एक जण दर थोड्या वेळाने उठून विचारत होता, "किती वाजता येणार आहे?" बाहेरून आलेले परीक्षक भारावून गेले. काळा सदरा, काळी पँट, काळ्या काड्यांचा चष्मा असे ते गृहस्थ होते. हा प्रश्न त्यांना फार मूलभूत वाटला.

मग खुर्चीवाला उभा राहिला.

"मी उपाय देत नाही," त्याने वाचायला सुरुवात केली. "मी समुदायासोबत जिन्याला सामोरा जातो." पडद्यावर पायऱ्यांना चिकटवलेले रंगीत कागद दिसत होते. "आम्ही प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारला."

"काय म्हणाल्या पायऱ्या?" काळ्या परीक्षकांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

"अजून ऐकतोय, सर."

"छान."

बाई मावशीकडे वळल्या. "ताई, तुमची गरज तुम्ही कशी मांडाल?"

"लिफ्ट," मावशी म्हणाली.

"ती वरवरची गरज झाली. जरा खोल जाऊ या. लिफ्टच्या खाली काय आहे?"

"खड्डा असतो," काका म्हणाले.

काळ्या परीक्षकांनी 'खड्डा' लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली. बाईंनी मान डोलावली. खुर्चीवाल्याच्या जिवात जीव आला. गाडी रुळावर होती.

"आणि या मुलाच्या प्रक्रियेतून तुम्हाला काय मिळालं?"

मावशीने भाच्याकडे पाहिलं. इतका वेळ हा काय बोलतोय ते तिला कळलं नव्हतं, पण परीक्षा कशी असते हे तिला माहीत होतं. पोरगं उत्तर विसरलं असेल तर घरच्यांनी आठवण करून द्यायची. वर्षाचा प्रश्न होता. दिलेला शब्द बाजूला ठेवून ती उठली.

"फळी मिळाली," मावशी म्हणाली. "लाजतोय, म्हणून मीच सांगते. माझे गुडघे अर्ध्या वाटेत बोलायला लागतात. तिथे बरोब्बर याने फळी बसवली. पिशव्यांना आकडा पण केलाय. आणि उठलं की आवाज न करता मिटते बघा. हे असं." तिने हाताने फळी मिटवून दाखवली, बाळाला खाली ठेवावं तशी. "डोकं लावलंय पोराने."

मागे बसलेल्या गहनने डोळे उघडले.

"वस्तू?" बाई म्हणाल्या.

"तू न विचारता यांना फळी दिलीस?" काळे परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले. "एका झटक्यात त्या जिन्याची सगळी शक्यता संपवलीस?"

"गुडघ्यांनी विचारलं होतं," काका म्हणाले, पण समुदायाचं ऐकण्याची वेळ संपली होती.

बाईंना त्याची दया आली. "थांबा," त्या म्हणाल्या. "कदाचित त्याने ती दिली नसेल. कदाचित संवादातून ती तिथे उगवली असेल." बुडणाऱ्याकडे दोर फेकावा तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "उगवली ना?"

खुर्चीवाल्याने मावशीकडे पाहिलं. शाळेच्या बक्षीस समारंभात दुसऱ्या रांगेत बसून हसायची तशीच ती हसत होती, हाताची घडी घालून. मग त्याने परीक्षकांकडे पाहिलं. गेल्या वर्षी खुर्चीत हुश्श करणाऱ्या त्या तीन पाठी त्याला आठवल्या.

"उगवली," तो म्हणाला.

"म्हणजे बनवली कोणी?"

"कोणीच नाही. एक दिवस बघतो तर होती."

"बघतो तर होती?" मावशीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. "अरे, ड्रिलचा आवाज अख्ख्या बिल्डिंगने ऐकला! खालचा माणूस भांडायला आला तेव्हा बोलणी मी खाल्ली ना?"

"तो समुदायाचा आवाज होता," खुर्चीवाला म्हणाला.

हे वाक्य इतकं चांगलं होतं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

मावशीने पर्स उचलली. "उठा हो," ती काकांना म्हणाली.

"कुठे?"

"घरी. समुदाय निघाला."

"प्रमाणपत्र?" काकूंनी विचारलं, पण मावशीने त्यांचंही मनगट धरलं होतं.

दार आपटलं. आणि काळे परीक्षक पूर्ण उठून उभे राहिले.

"नकार!" ते म्हणाले. "समुदायाने डिझायनरला नाकारलं! अहो, हे आम्ही पुस्तकात वाचतो!"

टाळ्यांचा पाऊस पडला. बाईंनी चष्मा पुसला. खुर्चीवाला पहिला आला.

तो पळत फाटकापाशी पोचला तेव्हा गहन त्याच्या आधी तिथे होता. "मावशी, तुमचा समुदाय सध्या मोकळा आहे का?" असं तो विचारत होता.

"आडवं काही असेल तर कळव," काकांनी त्याला सांगितलं, आणि गहन विचार करत निघून गेला.

"मावशी, पास झालो," खुर्चीवाला म्हणाला. "पहिला आलो."

"हो? कोणी आणलं?"

"रागावलीस?"

मावशी रस्त्याकडे बघत राहिली. "त्या फळीवर बसले की जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायची, माझ्या भाच्याने केली. दूधवाल्याला सांगितलं. भांडायला आलेल्या त्या खालच्यालासुद्धा सांगितलं. तोही बसून गेला एकदा. आता काय सांगू? उगवली?"

"अगं, तिथे तसं म्हणावं लागतं. सगळेच म्हणतात. तू घरी सांग ना, मीच केली म्हणून."

"दारात एक आणि घरात एक, असं मला जमत नाही," मावशी म्हणाली. "तुझं ते शिक्षण मी घेतलं नाही."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून बाईंनी हाक मारली. फोटो काढायचा होता, आणि पहिल्या आलेल्याने आपली भूमिका माइकवर एका वाक्यात सांगायची पद्धत होती.

"दोनच मिनिटं," खुर्चीवाला म्हणाला. "आलोच. थांबशील ना?"

मावशीने पर्स या हातातून त्या हातात घेतली. तो जिन्याने धावत वर गेला.

माइकसमोर त्याला लिहून आणलेलं एकही वाक्य आठवेना. सगळे वाट बघत होते. "मी काही केलं नाही," तो म्हणाला. आणि पुन्हा, अगदी हळू, "खरंच, मी काही केलं नाही."

टाळ्या काही केल्या थांबेनात. त्या थांबेपर्यंत त्याला खिडकीशी जाता आलं नाही, आणि गेला तेव्हा फाटकापाशी कोणी नव्हतं.