न पुसलेला नेचा

थोरलीच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं तिचे दीरच म्हणायचे. अशा बाईला उबवणीघरात कामाला धाडणं म्हणजे काय, हे सांगायला नको! पण धाकट्या जावेला एकटीला काम झेपेना, म्हणून थोरली गेली.

उबवणीघर म्हणजे जंगलाच्या कडेला चार उंच भिंती, वर मोकळं आभाळ आणि मधोमध मऊ मातीचा खड्डा. लांब मानेची म्हातारी डायनोसॉर दर खेपेला इथेच अंडी घालायची. तिला सगळे मावशी म्हणत. बायांनी जंगलातून करवती नेचा कापून आणायचा आणि मावशीने तो तोंडाने अंड्यांवर पसरायचा. नेचा कुजता कुजता तापतो, त्या उबेवर पिल्लं वाढतात. दुसरा कुठला पाला तिला चालत नसे.

दारापासून जंगलापर्यंतच्या वाटेवर दोन्ही कडांना हाच नेचा दाटला होता, पण वाटेवरचा कापायचा नाही अशी जुनी रीत होती.

"हा इथे लावला कोणी?" थोरलीने विचारलं.

"कोण लावणार? आपला आपणच येतो," धाकटी म्हणाली.

मागच्या खेपेची अंडी गार पडून वाया गेली होती. यंदा जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मावशीचं वय झालं, ही शेवटची खेप. एवढ्यातून एक जरी पिल्लू निघालं तरी तिचा वंश राहील, नाहीतर खेळ खलास.

आणि नेमकी तेव्हाच थोरलीने नेच्याची पानं उलटी करून पाहिली. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगाच रांगा! "अगं बाई, कीड!" धाकटी दुसरा भारा आणायला गेली होती. ती येईपर्यंत हिने पान न् पान ओल्या फडक्याने पुसून चकाचक केलं आणि वर स्वतःवरच खूश झाली.

मावशीने तो ढीग हुंगला, नाकातून फुस्स केलं आणि पाठ फिरवली. अंडी उघडी पडली, वारा गार सुटलेला. भारा टाकून धाकटीने मिनतवाऱ्या केल्या, पण मावशी ढिम्म.

मग तिची मान वळली ती थेट थोरलीकडे. कपाटाएवढं डोकं खाली खाली येत गेलं. त्या डोळ्यात थोरलीला आपण अख्ख्या दिसलो, चपलांसकट. गरम श्वास मानेवर आला. मावशीने तिच्या खांद्यावरचं फडकं ओठांच्या टोकाने अलगद उचललं आणि नेऊन अंड्यांवर ठेवलं. एवढं मोठं जनावर, पण थोरलीला धक्कासुद्धा लागला नाही.

फडकं तपकिरी पुडीने माखलेलं होतं.

"अगं, तिला ती घाण हवी आहे!" थोरलीला रडूच फुटलं. "मी सगळी पुसून टाकली. मीच माती खाल्ली गं!"

"घाण कसली, जाऊबाई? नेच्याचं बी म्हणतात त्याला!" धाकटीने कपाळावर हात मारला. "रडा मागून. आधी हा भारा सोडा."

न पुसलेला भारा सुटला. मावशीने हुंगला, डोळे मिटले आणि एकेक फांदी अंड्यांवर झटकत पसरू लागली. तपकिरी पूड धुरासारखी उडाली, अंड्यांवर बसली. दोघी पळत जाऊन आणखी भारे आणत राहिल्या. संध्याकाळी ढिगातून वाफ निघाली. थोरलीने आत हात घातला तर तव्याजवळ धरावा तशी ऊब. ती तिथेच मटकन खाली बसली.

एका सकाळी तो ढीग हलला. आधी एक इवलं नाक आलं, मग मान, मग ओलंचिंब अंग, आणि त्या ओल्या अंगाला चिकटलेली पूड, नखशिखांत. त्याच्यामागून आणखी एक. मावशीने दोघांना हुंगलं आणि जंगलाकडे निघाली. पिल्लं धडपडत तिच्यामागे. वाळत चाललेल्या अंगावरून पूड वाटेच्या दोन्ही कडांना झडत होती.

थोरलीला नेचा लावणारे आत्ता दिसले.

एक पिल्लू तिच्यापाशी थबकलं, नाक पुडीने पार बरबटलेलं. सवयीने तिचा हात फडक्यासकट पुढे गेला.

"पुसा की, जाऊबाई!" धाकटी म्हणाली.

"गप गं," थोरली म्हणाली, आणि फडक्याने आपलेच डोळे पुसले.