‘येतो’ म्हणायचा करार

अड्याळजवळच्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेवक आहे. यंदा आमच्या डॉक्टर मनाली मॅडमनी प्रत्येकाला शिकण्याचा करार लिहायला लावला. काय शिकायचं ते आपणच ठरवायचं. कसं शिकणार, कधीपर्यंत, आणि शिकलो हे कशावरून दिसेल, तेही लिहायचं. खाली दोघांच्या सह्या.

मी लिहिलं, ‘कॉम्प्युटर शिकणार.’

मॅडम हसल्या. “सेवकरामभाऊ, हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलं. तुमचं काम कुठे अडतं?”

मग खरं सांगितलं. क्षयानं माणूस गेला की घरच्यांची तपासणी करायची असते. पण दुखवट्याच्या घरून निघताना आपल्याकडे ‘येतो’ म्हणत नाहीत. मीही न बोलता उठत असे आणि परत जाणं राहून जाई. माझी बायको रुखमिणी गेल्यापासून तर अशा घरात तोंडच उघडत नव्हतं.

“मग हेच लिहा,” मॅडम म्हणाल्या.

ठरलं ते असं. आधी गावातली आशा कार्यकर्ती हर्षा हिच्यासोबत जाऊन तिचं बोलणं ऐकायचं, मग एकट्यानं जायचं. घरचे तपासणीला आले, म्हणजे मी शिकलो. मुदत दिवाळीची.

एकटा गेलो तो मंदाबाईंकडे. त्यांचा नवरा क्षयानं गेला होता आणि आता लेक टीना खोकत होती. चहा पिऊन उठलो आणि म्हणालो, “मंगळवारी येतो. टीनाची थुंकी तपासाले न्यायची हाये.”

मंदाबाई भडकल्या. “मौतीच्या घरून येतो म्हन्तेत का कोनी? अक्कल हाये का तुमाले?”

“माही बायको गेली तवा सारे न बोलता उठून गेले, बाई. मंग कोनी आलंच नाही. म्हून मी सांगून जातो.”

त्यांनी चहाचे कप उचलले. टीनाच म्हणाली, “येऊ दे ना वं, माय. मी का खोकतच राहू?”

मंगळवारी गेलो. टीनानं थुंकी दिली, तिचा एक्स-रेही काढला. रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

रिपोर्ट साफ आला. तसाच सायकल काढून गेलो. “टीनाले क्षय नाही, मंदाबाई. पुढं होऊ नये म्हून गोळ्या तेवढ्या घ्या लागतीन.”

त्या ओसरीवर मटकन बसल्या. “मले वाटे, पोरगीही जाते.” रडल्या आणि रडता रडता हसल्या. मलाही किती महिन्यांनी छाती मोकळी वाटली.

निघताना सवयीनं गुपचूप चपला घातल्या.

“काहून जी, मुके झाले का? येतो म्हना ना!”

“येतो,” मी म्हणालो. गोळ्या द्यायला जायचंच होतं.