सात नंबरचा नॉर्मल

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तंत्रज्ञ बाईंनी झोपेचा एक जुना आलेख डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, सात नंबर नॉर्मल नाही."

आलेख चौदा वर्षांपूर्वीचा. ज्या वीस निरोगी माणसांच्या झोपेवर डॉक्टरबाईंचं सगळं संशोधन उभं होतं, त्यांतला सातवा. नव्या अभ्यासासाठी ते वीसही पुन्हा वाचायला काढले होते. आलेख कोणाचा हे वाचणाऱ्याला कळता कामा नये, हा प्रयोगशाळेचा दंडक. तो डॉक्टरबाईंनीच घातला आणि एकदाच मोडला. सात नंबर म्हणजे त्यांचा नवरा. परक्यांसमोर वायरी लावून झोपायला तो लाजत होता, म्हणून वायरी त्यांनीच चिकटवल्या आणि आलेखही त्यांनीच वाचला. तेव्हापासून भांडण झालं की तो ऐकवायचा, मी बायकोच्या सहीचा नॉर्मल आहे.

स्वप्नांच्या झोपेत अंग लुळं पडतं, हनुवटीच्या स्नायूची रेघ सपाट चालते. इथे रेघेला काटे फुटले होते. एकेचाळीस पानांवर डॉक्टरबाईंच्या अक्षरात एकच शेरा होता: वायर सैल.

"सैल वायर फक्त स्वप्नातच कशी सैल होईल?" तंत्रज्ञ बाईंनी विचारलं.

अशी रेघ बहुतेकांना दहा-पंधरा वर्षांत कंपवाताकडे नेते, हे डॉक्टरबाईंनीच सिद्ध केलं होतं. थोपवणारं औषध नसलं तरी रुग्णाला सांगायलाच हवं, असं म्हणून त्यांनी परिषदांमध्ये भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती.

दुपारी त्या लवकर घरी गेल्या. गॅसवर दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि नवरा हातभर अंतरावर शब्दकोडं सोडवत बसला होता. वास नाही का आला, त्यांनी विचारलं. सर्दी असेल, तो म्हणाला. नाक कोरडं होतं. वास जाणं हे पूर्वलक्षणांच्या त्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं.

पातेलं घासता घासता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, एकदा पुन्हा आलेख काढायला ये.

"का, नॉर्मल माणसं संपली का तुमच्याकडची?"

"एक कमी पडतोय."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"अगं, काय झालंय ते सरळ सांग ना."

रुग्णांना सांगायचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी पातेल्याचा तळ पुन्हा घासायला घेतला. "सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "मी नसेन तिथे. दुसरं कोणीतरी वाचेल."

"तू नसशील तर मी कशाला येऊ?"

शनिवार संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी: ते संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना चुकीची कबुली देणारं पत्र गेलं आहे. त्यात सात नंबर कोण, हे लिहिलेलं नाही. संमतीचा अर्ज जेवणाच्या टेबलावर आहे. नवऱ्याने सही केली आहे. 'निष्कर्ष मला कळवावेत / कळवू नयेत' यापुढचा रकाना त्याने कोरा ठेवला आहे.