पायाळूचं पाणी

मी पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून; आणि माझ्या बायकोच्या मते ते अजून मागेच आहे. पायाळूने लाथ मारली की कमरेतली उसण जाते म्हणतात. त्यामुळे घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या एकूण एक प्रतिष्ठित माणसाच्या कमरेत मी लाथ घातलेली आहे. वर चहाही प्यायलोय.

पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं असंही म्हणतात. मला कधी दिसलं नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर आमचा नळ नुसता फुसफुसतो, आणि खालून कळश्या आणून आणून बायकोचे, अंबिकेचे, गुडघे गेले. दिवाळीत मुलगा तिला बदलापूरला घेऊन गेला. मला तिकडे करमत नाही, मी इथेच राहिलो; रविवारी तेवढा जाऊन येतो. निघताना तिने एकच पिशवी घेतली. तिचा आडाळो, म्हणजे आमची मालवणी विळी, तिने ओट्याखाली सरकवला. "हयसरच ऱ्हवांदे," म्हणाली. "पाणी वर इला की मी परत येतलंय."

म्हणून चाळीने बोअर मारायचं ठरवलं तेव्हा मला राहवलं नाही. मशीनवाला जागा दाखवून गेला होता, तरी आमचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला, "काका, सायन्स ठीक आहे, पण तुम्ही पण एकदा चालून घ्या ना. चान्स कशाला घ्यायचा?"

तळहातावर आडवा नारळ ठेवून मी अंगणभर फिरलो. मागच्या भिंतीशी तो उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. आईशप्पथ, मी हात हलवला नव्हता. अंगावर सर्रकन काटा आला. लगेच अंबिकेला फोन करून सांगितलं, आडाळ्याला तेल लावून ठेवतो.

तिथेच मशीन सुरू झालं आणि अख्खी चाळ थरथरायला लागली. आधी भरावाच्या विटा निघाल्या, मग काळा चिखल, आणि चिखलात शिंपले. तळमजल्यावरच्या विल्फ्रेडचा जन्म माझगावच्या गोदीत गेलेला. एक शिंपला उचलून तो माझ्यापाशी आला.

"लवू, हा दर्या हाय रे."

"गप रे. दर्या तिकडे राहिला."

"आपुन त्याच्याच डोक्यावर बसलोय."

मला त्याचा भयंकर राग आला. खरा माणूस नको तेव्हाच खरं बोलतो.

संध्याकाळी पाणी उसळलं. हितेंद्रने मला उचलूनच घेतलं, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, आणि पहिली ओंजळ मानाने मला दिली.

खारट. सगळे बघत होते म्हणून मी ते गिळलं. मग एकेकाने चाखलं आणि बाजूला थुंकलं. "संडासला चालेल," हितेंद्र म्हणाला. कोणी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर खोलीत आलो तोच फोन वाजला.

"पाणी लागला?"

"लागला."

"गोडा हा मा?"

मला खोटं बोलायचं होतं. तोंडाची चव अजून गेली नव्हती.

"खारा."

अंबिका हळूच म्हणाली, "जेवलात?" आणि मी काही बोलायच्या आधीच, "आयतवारी येताना माझो आडाळो घेवन येवा."